म्हशीचं पुस्तक आणि मावशींचा सत्कार

पुस्तकं फुकट आली, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये काढल्यावर माणसाला एवढं कळतं की फुकट आलेल्या वस्तूच्या मागोमाग भरून द्यायचा एक नमुना येतो, नमुन्याच्या मागोमाग शेवटची तारीख येते आणि तारखेच्या मागोमाग फोन. म्हणून गठ्ठा सोडल्यावर मी गोष्ट वाचलीच नाही. आधी शेवटचं पान पाहिलं, मग मागचं कव्हर, मग पुस्तक उलटं धरून झटकलं. एकही कागद पडला नाही. त्यामुळे संशय आणखी वाढला.

मी संशयी आहे हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने मूठभर कोथिंबीर वरून फुकट टाकली तर मी घरी येऊन पहिल्यांदा वांगी कापून बघते. घरच्यांना याची सवय झाली आहे. शाळेतल्या सरांना अजून व्हायची आहे, कारण ते तरुण आहेत आणि त्यांना सगळ्या गोष्टींचा उत्साह असतो. आमची शाळा नाचणगावच्या पुढे, शेतांच्या मधोमध. शिक्षक दोनच, हे सर आणि मी. मी पुलगावहून स्कूटीने जाते. पोरं अडतीस.

तर गोष्ट एका म्हशीची होती. ही म्हैस एका सकाळी उठते आणि ठरवते की आज सगळ्यांचे आभार मानायचे. पाठीवरच्या बगळ्याला म्हणते, तू माझ्या अंगावरचे किडे वेचतोस, धन्यवाद. बगळ्याला वाटतं, आता ही आपल्याला घेऊन डबक्यात बसणार. माशीला म्हणते, तू कानाशी गुणगुणतेस म्हणून मला दुपारी करमतं, धन्यवाद. माशी तर बेशुद्धच पडते. मग कुत्रा, कोंबडा, बकरी असे सगळे पारावर सभा भरवतात. विषय एकच, म्हशीला पाहिजे तरी काय? बकरी झाडावर चढून दिवसभर पाळत ठेवते. शेवटी कळतं की म्हशीला काहीच नको होतं, ती आपली चिखलात झोपली आहे. मग सगळे लाजतात आणि एकमेकांना धन्यवाद म्हणत सुटतात.

चित्रं झकास होती. बेशुद्ध माशीचे सहाही पाय वर केलेले होते. पोरांनी ते पान इतक्या वेळा उघडलं की आठवड्याभरात ते शिवणीतून सुटून आलं. मला विचाराल तर त्या पुस्तकातली सगळी जनावरं मला पटली. पटली नाही ती फक्त म्हैस.

शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, "आज तुम्ही कोणाला धन्यवाद म्हणाल?" मी तोच गृहपाठ दिला. त्यात माझा काही उदात्त हेतू नव्हता. उद्या नमुना आलाच तर रकान्यात लिहायला काहीतरी असावं, एवढाच विचार होता. घरातल्या एका माणसाला धन्यवाद म्हणा आणि तो काय बोलला ते उद्या येऊन सांगा, असं पोरांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायच्या आधीच वर्गात एकच गलका.

"मॅडम, मायनं माह्या कपाळाले हात लावून पाह्यला, ताप आला का म्हून."

"माह्या बाबानं इचारलं, काय फोडलं बे?"

"मॅडम, माह्या काकूनं माहं दप्तरच उलटं केलं."

तिसरीतली एक पोरगी मात्र गप्प होती. तिला जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, आजी रडली. तिच्या आजीचं रक्त आठवड्यापूर्वी सावंगीच्या दवाखान्यात तपासायला दिलं होतं. नातीने भाकरीबद्दल धन्यवाद म्हटल्याबरोबर म्हातारीने हातातली भाकरी खाली ठेवली आणि मुलाला हाका मारल्या, "रिपोट आला काय रे? मले काऊन सांगून नाई राह्यले तुमी?" सगळ्या घराने मिळून समजूत काढली, तरी ती जेवली नाही म्हणे.

मी हसले, पण म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे घरातल्या माणसाला कोणी धन्यवाद म्हणत नाही. शेजारणीने वाटीभर कढी पाठवली तर ती वाटी रिकामी परत जात नाही, तिच्यात चार बोरं नाहीतर हरभऱ्याची भाजी जाते, आणि तेवढ्यात सगळं बोलून होतं. तोंडाने आभार मानायचे ते मांडवातल्या पाहुण्यांचे. त्या संध्याकाळी मी स्वतःच्या घरी प्रयोग करून पाहिला. नवऱ्याने चहा करून आणून दिला, मी म्हटलं, धन्यवाद. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझी बहीण किती दिवसांसाठी येत आहे?"

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण चौथीतली एक पोरगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, खिचडीवाल्या मावशीले कोनीच नाई म्हनत."

मावशी म्हणजे आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाई. वय माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी जास्तच असेल. अकरा वर्षं त्या आमच्या किचन शेडमध्ये होत्या. आवाज असा की पटांगणाच्या टोकाला पोरगं घसरगुंडीवर उलटं चढत असेल तर ते तिथल्या तिथे खाली यायचं. हातात कायम सराटा, खिचडी हलवायचा लांब कालथा. माझं त्यांचं बोलणं कामापुरतं. त्यांच्यावरही माझा संशय होता, अमुक असा नाही, सर्वसाधारण.

पोरांनी मावशींसाठी मोठ्या कार्डशीटवर चित्र काढायचं ठरवलं. म्हशीच्या हातात सराटा दिला, बाजूला खिचडीचं मोठं पातेलं, म्हणजे गंज काढला, त्यातून वाफा काढल्या. खाली अडतीस जणांनी आपापली नावं लिहिली. पहिलीच्या पोरांची अक्षरं कार्डशीटबाहेर चालली होती. मला वाटलं, मधल्या सुट्टीत जाऊन त्यांच्या हातात देऊ आणि मोकळे होऊ. पण सर म्हणाले, "मॅडम, करायचंच आहे तर कार्यक्रम नीट करू." झालं. ऑफिसातली खुर्ची बाहेर आली, टेबलावर चादर आली. एका पोरीने घरून नारळ आणला, सत्कार म्हटल्यावर नारळ लागतोच म्हणून. सरांनी कुठल्याशा प्रशिक्षणात मिळालेली, घडीही न मोडलेली शाल कपाटातून काढली.

मावशींना बोलावलं तेव्हा त्या फोडणी देत होत्या. पदराला हात पुसत आल्या आणि खुर्ची पाहून जागीच थबकल्या. बसा म्हटलं तर टेकल्यासारखं करून बसल्या. सर भाषणाला उभे राहिले. त्यांना एकाच प्रकारचं भाषण येतं, निरोप समारंभाचं. "अकरा वर्षं अखंड सेवा", "निःस्वार्थ वृत्ती", "शाळा त्यांना कधीही विसरणार नाही", असं सगळं झालं. मी शाल पांघरली. पोरांनी कार्डशीट त्यांच्या हातात देऊन एका सुरात धन्यवाद म्हटलं. फोटो निघाला आणि लगेच ग्रुपवर गेला. मावशींचे डोळे भरले आहेत असं सर म्हणाले. मला मात्र ते काही बरं लक्षण वाटलं नाही, कारण त्या टक लावून माझ्याकडेच पाहत होत्या.

त्या दिवशी त्यांनी वाढलं, भांडी घासली, ओटा धुतला, कोपऱ्यातली जाळी काढली. जाताना शेडची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. एरवी ती त्यांच्या कमरेला असते. मी विचारायच्या आत फाटकाबाहेर गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत.

मी माझ्या पद्धतीने विचार केला. शाल मिळाली, फोटो निघाला, आता मिजास आली असेल. नाहीतर बचत गटातल्या कोणीतरी कान भरले असतील. नाहीतर सरांनीच भाषणाच्या भरात काही कबूल केलं असेल. सरांना आडून विचारून पाहिलं, ते बिचारे गोंधळले. तोवर साडेदहा झाले होते आणि पोरं शेडच्या दारात येऊन नुसत्याच ताटल्या वाजवत होती.

शेवटी खिचडी मी केली. सर तांदूळ निवडत होते आणि मी सराटा फिरवत होते. पाच माणसांचा स्वयंपाक आणि अडतीस पोरांचा स्वयंपाक यात किती फरक आहे हे गंज खाली लागल्यावर कळलं. वर पाणी, खाली कोळसा. पोरांनी ती खिचडी खाल्ली. इकडे तिकडे पाहत, एकमेकांना कोपराने ढोसत खाल्ली. आणि ताटल्या धुवायला जाताना एकेक जण माझ्यासमोर थांबून म्हणाला, "धन्यवाद मॅडम." खरं सांगते, तोंडात मारल्यासारखं झालं.

संध्याकाळी पाच वाजता मी मावशींच्या घरी गेले. घर गावाच्या कडेला. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, वेचाले गेली. कापसाचे दिवस होते. थोड्या वेळाने मावशी आल्या, कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली, बोटं बोंडांनी ओरखडलेली. एक हात गुडघ्यावर ठेवून पायरी चढल्या. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही.

"मावशी, आज काऊन नाई आल्या?"

"येऊन काय करू? झालं ना आता."

"काय झालं?"

त्यांनी ओटी सोडली, खाली टेकल्या, आणि मला बसायला पाट सरकवला. "मॅडम, मी अडानी आहो, पन येडी नाई. माह्या पयलेची बाई आठवते का तुमाले? सव्वीस जानेवारीले तिले शाल देल्ली, नारळ देल्ला, फोटो काढला. भाषन तुमीच देल्लं. हाताले चव हाय म्हून सांगतलं. अन् सोमवारपासून मले बलावलं."

मी विसरले होते. साफ विसरले होते. आता आठवलं. त्या बाईंना नीट दिसेनासं झालं होतं, तांदळात खडे राहायचे, समितीने दुसरी बाई घ्यायचं ठरवलं. तोंडावर सांगायची हिंमत कोणातच नव्हती. वाईट बोलता येईना म्हणून आम्ही चांगलं बोललो, आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण माझं भाषण बरं होतं.

"तुमचं तसं नाहीये, मावशी," मी म्हटलं. "पोरांनी पुस्तक वाचलं. त्यात एक म्हैस आहे..."

"मंग सह्या कायले घेतल्या?"

"कसल्या सह्या?"

त्यांनी आतून कार्डशीट आणलं. जपून गुंडाळलेलं होतं. उलगडून त्यांनी पोरांच्या नावांवरून बोट फिरवलं. आमच्या गावात एका कागदावर एवढी नावं दोनच कामांसाठी होतात, रस्ता पाहिजे म्हणून नाहीतर माणूस नको म्हणून. मावशींनी दोन आणि दोन चार केले होते. त्यांच्या जागी मी असते तर मी आदल्या दिवशीच केले असते.

मी समजावत राहिले. म्हैस, बगळा, माशी. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. मावशी ऐकता ऐकता कार्डशीट पुन्हा गुंडाळत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "पोट्ट्यायले वाढाच्या पयले तुमी रोज चमचाभर चाखता, अन् वहीत लिहिता. मले वाचता नाई येत. पन अकरा वर्सं रोज तोच तोच शब्द दिसते. काय लिहिता तुमी?"

ती चवीची नोंदवही. पोरांच्या आधी शिक्षकाने चव घ्यायची आणि शेरा लिहायचा, असा नियम आहे. मी रोज 'ठीक' लिहिते. 'चांगली' कधी लिहिलं नाही, त्यालाही कारण होतं. उद्या एखाद्या पोराचं पोट दुखलं तर कोणीतरी वही उघडून विचारेल, चांगली होती तर दुखलं कसं? 'ठीक'वर कोणी बोट ठेवू शकत नाही.

"ठीक," मी म्हटलं. "ठीक लिहिते मी."

"ठीक म्हंजे?"

"म्हणजे... खाण्यासारखी."

"बरं," मावशी म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि ओटीला चिकटलेली कापसाची वाळकी पानं काढत बसल्या. मला लाज वाटली. अकरा वर्षं या बाईच्या हातचं खाऊन मी घरी जात होते. मूग असो, मटकी असो, पावसात ओली लाकडं फुंकून शिजवलेलं असो, एक दिवस अन्न वाया गेलं नव्हतं. आणि तिच्यासाठी मी एक असा शब्द शोधून ठेवला होता की माझ्यावर काही येऊ नये. वेचणीच्या कामात हे गुडघे महिनाभरही टिकले नसते, ते समोर दिसत होतं. आणि मी नाही बोलले तर त्या उद्याही वेचायलाच जाणार होत्या.

मी धीर केला. "मावशी, तुमची खिचडी चांगली असते. मनापासून सांगते. फार चांगली असते."

मावशींनी मान वर केली. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

"कोन येऊन राह्यलं माह्या जागी? नाव तं सांगा."

तिथं माझं डोकं फिरलं. माझा राग तसा नाकावरच असतो, पण शाळेत मी तो 'तुम्ही'मध्ये गुंडाळून ठेवते. त्या दिवशी गुंडाळी सुटली. "कोणी नाही येत!" मी ओरडले. "कोण येणार आहे तुझ्या जागी? कोणाला एवढी तिखट उसळ करता येते, की पहिलीची पोरं नाक पुसत खातात? हजारदा सांगितलं, मिरची कमी टाक. ऐकलंस कधी? माझ्या वर्गात कविता चालू असते आणि तू तिकडून ओरडतेस, अर्धी कविता पोरं विसरतात. माझी छत्री नेलीस ती दोन वर्षं तुझ्याकडेच आहे, ती बघ, त्या खुंटीवर आहे. आणि न सांगता घरी बसतेस? आज मी खिचडी जाळली. पोरांना तसलीच गिळावी लागली. उद्या साडेनऊला शेड उघडं दिसलं नाही तर मी इथं येऊन तुला हाताला धरून नेईन, सांगून ठेवते!"

शेजारीण भिंतीशी येऊन उभी राहिली होती. समोरच्या घरातला रेडिओ कोणीतरी बारीक केला. अकरा वर्षांत मी मावशींना पहिल्यांदाच अगं-तुगं केलं होतं, आणि आता ते परत घेता येत नव्हतं. मला वाटलं, या आता मला हाकलून देणार.

मावशींनी पदराने नाक पुसलं. खांदे खाली आले. कपाळावरची आठी सुटत सुटत गेली.

"जाळली?" त्यांनी विचारलं. "गंज खाली लागला का?"

"लागला."

"घासला का?"

"नाही. भिजत टाकला."

"राख लावा लागते त्याले. तुमाले काई समजत नाई." उठता उठता त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. "असं बोला ना मंग, मॅडम. मी म्हटलं, एवढं गोड बोलून राह्यले तं आपलं काई खरं नाई."

किल्ली माझ्या पर्समध्येच होती. छत्री त्यांनी दिली नाही, मीही मागितली नाही.

सकाळी साडेनऊला मी पोचले तर शेडमधून धूर निघत होता आणि घसरगुंडीवरचं पोरगं खाली येत होतं. सर पुन्हा काहीतरी बोलायच्या तयारीत पुढे झाले, त्यांना मी डोळ्यांनी दटावलं. पोरं मात्र ऐकणारी नव्हती. वाढताना पहिल्याच पोराने मावशींना धन्यवाद म्हटलं. मावशींनी डोळे बारीक करून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काऊन बे, आनखीन पाहिजे का?" म्हणून त्याच्या ताटलीत दुसरी पळी ओतली. हे पाहून मागच्या सदतीस जणांनीही धन्यवाद म्हणायचं ठरवलं. पोरांचा हेतू किती शुद्ध होता याबद्दल माझं मत मी राखून ठेवते.

पोरांचं झाल्यावर मीही ताटली घेऊन शेडच्या पायरीवर बसले. एरवी चमचाभर चाखते, त्या दिवशी जेवायलाच बसले. पहिला घास घेतला. काय चव होती. मुगाची डाळ नीट शिजलेली, लसूण करपल्याशिवाय लाल झालेला. मावशी चुलीशी पाठमोऱ्या होत्या, पण सराटा थांबला होता. माझ्या जिभेवर चांगलं वाक्य तयार होतं. बोलले असते तर संध्याकाळपर्यंत किल्ली पुन्हा माझ्या टेबलावर आली असती.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

"असं का?" मावशी वळल्या. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. त्यांनी बोटांनी चांगली मोठी चिमूट घेऊन माझ्या ताटलीत मीठ भुरभुरलं आणि मी कालवेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. मीठ आधी अगदी बरोबर होतं. खारट झालेली ती खिचडी मी त्यांच्यासमोर बसून शेवटच्या शितापर्यंत खाल्ली.